सगळ्यांत कोरडा हात

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या छोट्या बागेत गेल्या माघात एक पाटी लागली. तीवर दोनच शब्द आहेत, 'हात लावा', आणि ते मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषांत लिहिलेत. सोलापुरात या चार भाषा लिहिल्या की जवळजवळ सगळी गल्ली वाचू शकते. बागेतल्या बाकीच्या पाट्या जुन्या आहेत आणि सगळ्या नकाराच्या आहेत. फुले तोडू नयेत. हिरवळीवर चालू नये. झाडांना हात लावू नये. त्या पाट्यांची काही चूक नाही. इथल्या उन्हात हिरवळ जगवायला काय लागतं ते माळीकाकांना विचारावं. पण लहानपणापासून सार्वजनिक जागेत आपण हेच शिकत आलो, की जे सुंदर आहे त्याच्यापासून हात लांब ठेवायचा. त्यामुळे या नव्या पाटीसमोर माणसं थबकतात. वाचतात, आजूबाजूला बघतात, कुणी रागावणार नाही ना याची खात्री करून घेतात आणि मगच हात पुढे करतात.

पाटीच्या मागे जे उभं आहे त्याला आम्ही मोठी माणसं प्रकाशशिल्प म्हणतो. पोरं 'लाइटचा माग' म्हणतात, आणि पोरांचंच बरोबर आहे. भंगारात निघालेल्या यंत्रमागाच्या दोन बिडाच्या बाजू, त्यांच्यामध्ये ताण्यासारख्या, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांसारख्या, लावलेल्या चोवीस पारदर्शक नळ्या, आणि प्रत्येक नळीत एलईडी दिव्यांची पट्टी. समोर दोन खांबांवर दोन जुने लाकडी धोटे बसवलेत. धोटा म्हणजे मागात आडवा धागा इकडून तिकडे नेणारं लाकूड. त्यांच्यावर पितळेचा पत्रा मढवलाय. दोन्ही हात पसरले की मोठ्या माणसाला दोन्ही धोटे एकाच वेळी धरता येतात. लहान मुलाला येत नाहीत, त्याला कुणाचा तरी हात धरावाच लागतो. ताणा तयार आहे, बाणा, म्हणजे आडवा धागा, येणाऱ्यांनी आणायचा, अशी ही मूळ कल्पना.

ज्या मुलीला ती सुचली ती आमच्या शेजारची. इलेक्ट्रॉनिक्स शिकली, पुण्यात नोकरीला लागली. आमच्याकडची बहुतेक शिकलेली पोरं पुण्याला जातात आणि शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं घरी येतात, तशीच हीही. तिच्या जोडीला होते गल्लीतले जॉबरमामा. सगळी हयात मागांच्या दुरुस्तीत गेलेला माणूस. आवाजावरून सांगणारे, की तिसऱ्या मागाची पिकिंग स्टिक, म्हणजे धोटा फेकणारी दांडी, ढिली झालीये. पैसे गणेश मंडळानं मिरवणुकीच्या खर्चातून वाचवून दिले. मी शाळेत शिकवते, माझ्याकडे पाटीचा मजकूर आणि शाळेतली मुलं जमवण्याचं काम आलं. परवानगीच्या कागदांसाठी जे फिरावं लागलं ते फिरलो, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

त्या बिडाच्या बाजूंबद्दल मात्र लिहायलाच हवं. आमच्या घरामागच्या शेडमध्ये वडिलांचे टॉवेलचे माग होते. त्या खडखडाटात झोपायची आम्हा भावंडांना इतकी सवय, की वीज गेली आणि माग थांबले की जाग यायची. भारनियमनाच्या वर्षांत हे रोजचं झालं. रात्री अचानक सगळी गल्ली गप्प व्हायची आणि अंधारात माणसं ओट्यावर येऊन बसायची. कामगार, मालक, बायका, पोरं, सगळे एकाच अंधारात. वीज आली की आधी दिवा दिसायचा नाही, आधी माग ऐकू यायचा. पुढे वडिलांचे माग वजनावर गेले, तसे अनेकांचे गेले. काहींनी कर्ज काढून बिनधोट्याचे नवे माग आणले, काहींनी शेडला कुलूप लावलं. बीड किलोवर विकलं जातं आणि भट्टीत जातं. या शिल्पासाठी भंगारवाल्याकडून त्या दोन बाजू उचलल्या तेव्हा जॉबरमामांनी त्यांच्यावरचा गंज तारेच्या ब्रशनं घासला, ग्रीसचे थर काढले आणि एका जागी ऑइल पेंटनं कुणीतरी घातलेला मागाचा नंबर तसाच राहू दिला. तो कुणाच्या कारखान्यातला, ते कळलं नाही. नंबर मात्र आता संध्याकाळी उजळतो.

मागाला दिवे लावणं म्हणजे जुन्या वस्तूची नुसती सजावट, असं कुणाला वाटेल. मलाही सुरुवातीला तीच भीती होती, कारण झाडांच्या बुंध्यांना गुंडाळलेली रंग बदलणारी रोषणाई मला सहन होत नाही. झाडाला रात्र हवी असते. पण माग आणि हे दिवे यांचं नातं सजावटीचं नाही, रक्ताचं आहे, आणि ते जॉबरमामांनी त्या मुलीच्या आधी ओळखलं.

चादरीच्या कारखान्यात जॅकार्ड ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच पटेल. मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत असते. कार्डाला जिथं भोक आहे तिथं सुई आत जाते, तिचा हुक वर उचलला जातो आणि त्याला बांधलेला ताण्याचा धागा वर येतो. जिथं भोक नाही तिथला धागा खालीच राहतो. मधून धोटा जातो. एक कार्ड म्हणजे चादरीतली एक आडवी ओळ. मोर असो, फूल असो, चौकडी असो, आधी ती ग्राफच्या कागदावर चौकोन रंगवून काढायची, मग त्या चौकोनांप्रमाणे कार्ड पंच करायची. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोनच गोष्टींतून अख्खा मोर उतरतो. फ्रान्समधल्या लियाँ शहरात जोसेफ-मारी जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास ही युक्ती मागावर बसवली. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्राला सूचना देण्यासाठी याच कार्डांची कल्पना उचलली. त्याच्याकडे जॅकार्डचं रेशमात विणलेलं एक चित्र होतं आणि ते विणायला सुमारे २४ हजार कार्डं लागली होती. संगणकाच्या इतिहासातलं हे पान जगभर शिकवलं जातं. ज्या गल्लीत माणसं अजून कार्डं पंच करून पोट भरतात, तिथल्या शाळेत मात्र ते कुणी मुलांना कारखान्यात नेऊन दाखवत नाही. शिल्पाच्या निमित्तानं आम्ही आमच्या मुलांना नेलं.

मुलीनं मामांना तिचा ग्राफ दाखवला तो लॅपटॉपवर. चोवीस उभे रकाने, साठ आडव्या ओळी, एकेक चौकोन म्हणजे एकेक दिवा, एकूण १४४०. प्रत्येक दिव्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन कण. प्रत्येकाच्या उजेडाच्या २५६ पायऱ्या. त्यांच्या मिश्रणातून १ कोटी ६७ लाखांहून अधिक छटा निघू शकतात. मामांनी विचारलं, 'यातल्या डोळ्याला दिसतात किती?' आणि मग चादरीत चालतात तेच सहा-सात रंग घ्यायला लावले. दिव्यांची पट्टी कशी चालते हे तिनं समजावलं तेव्हा ते आणखी खुलले. पट्टीतल्या पहिल्या दिव्याकडे सगळ्यांच्या सूचना एका रांगेत येतात. तो आपल्यापुरती सूचना काढून घेतो, उरलेल्या पुढच्याला देतो, तो आपली घेऊन त्याच्या पुढच्याला. मधला एक दिवा मेला की त्याच्या पुढचे सगळे अंधारात. 'म्हणजे धागा तुटल्यावाणीच की,' मामा म्हणाले, आणि त्या दिवसापासून दिव्यांच्या सांध्यांची तपासणी त्यांनी आपल्याकडे घेतली.

आता धोट्यांकडे येते, कारण पुढे घडलं ते कळायला हे लागेल.

दोन धोट्यांमध्ये ५ व्होल्टचा अगदी हलका दाब आहे. डावा हात एका धोट्यावर, उजवा दुसऱ्यावर ठेवला की वर्तुळ पुरं होतं आणि आपल्या अंगातून सूक्ष्म प्रवाह जातो. वाटेत इतका मोठा रोध, म्हणजे प्रवाहाला अडथळा, घातलाय, की प्रवाह मिलिअँपिअरच्या दोनशेव्या भागावर जाऊच शकत नाही. माणसाला मुंग्या जाणवायलाच जवळपास एक मिलिअँपिअर लागतो. मागाच्या शेडमध्ये शॉक खाल्लेली माणसं इथं खूप आहेत, म्हणून हे समजावण्यात आमचा बराच वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. शिल्प या प्रवाहावर उजळत नाही, त्याची वीज वेगळी आहे. प्रवाह फक्त मोजला जातो. माणसाच्या कातडीचा रोध हाताच्या ओलाव्यावर ठरतो. घामेजलेल्या हातांचा काही हजार ओहमवर येतो, साधारण कोरड्या हातांचा लाखाच्या घरात, रखरखीत हातांचा त्याच्या कितीतरी पट. आणि दोन माणसांनी हातात हात घेऊन साखळी केली तर दोघांचा रोध एकापुढे एक जोडला जातो. साखळी लांबली की प्रवाह बारीक होतो.

या बारीक होण्यावरच मुलीनं शिल्पाचा सगळा खेळ रचला. प्रवाह जितका कमी तितकी माणसं जास्त, असा तिनं हिशेब धरला. एकट्यानं हात ठेवला तर दोन-तीन नळ्या उजळतात. चौघं आले तर आठ-दहा. मोठी साखळी झाली तरच चोवीसच्या चोवीस. आणि प्रवाह एका मर्यादेच्या खाली गेला, तर तिथं कुणी नाही असं समजून शिल्प विझतं.

आमच्याकडे अनावरण म्हटलं की पुतळा डोळ्यांपुढे येतो. हुतात्मा चौकातून जाताना मी अजूनही क्षणभर थांबते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला चौघांना फाशी झाली. नुसती नावं वाचली तरी हे शहर कोणाकोणाचं आहे ते कळतं. पुतळ्यापुढे हात जोडायचे असतात आणि ते तसंच असावं. प्रकाशाचा म्हणाल तर तोही या शहराला नवा नाही. संक्रांतीच्या गड्ड्यात, म्हणजे इथल्या यात्रेत, होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाला सगळं सोलापूर लोटतं. मीही लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून ते पाहिलंय. पण तिथं प्रकाश आभाळात आणि आपण खाली मान वर करून. त्याच यात्रेतले नंदीध्वज मला जास्त जवळचे वाटतात. पांढऱ्या बाराबंदीतला एकजण उंच काठी पेलतो आणि त्याच्या भोवती पेलायला तयार असलेली माणसं चालत असतात. काठी सात, पण हात किती! आम्हाला प्रकाश तसा हवा होता, हातांवर चाललेला.

असं जगात आधी कुठं झालंय, हे आम्ही शोधलं. अमेरिकेत शिकागोच्या मिलेनियम पार्कमध्ये २००४ साली जाउमे प्लेन्सा या शिल्पकारानं पन्नास-पन्नास फुटांचे दोन प्रकाशमनोरे उभे केले. त्यांवर शहरातल्या सुमारे हजार सामान्य माणसांचे चेहरे दिसतात, चेहऱ्याच्या ओठांतून पाणी येतं आणि उन्हाळ्यात पोरं त्यात भिजतात. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर पार्कमध्ये २००८ साली राफाएल लोझानो-हेमर यांनी हिरवळीभोवती दोनशे दिवे लावले होते. मूठ धरली की धरणाऱ्याच्या हृदयाच्या ठोक्यानं ते धडधडायचे. मुलीला हे दुसरं फार आवडलेलं. पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते बेल्जियममधल्या लिएज शहरानं. तिथं नदीकाठच्या बागेत निकोला शोफर या कलावंतानं १९६१ साली ५२ मीटर उंचीचा एक मनोरा बांधला. आसपासचा आवाज, तापमान, आर्द्रता टिपून त्याची फिरती पाती आणि रंगीत दिवे चालायचे. साठ वर्षांपूर्वी! गावाशी बोलणारा मनोरा. मग तो बंद पडला, आणि कितीतरी वर्षं नुसता सांगाडा म्हणून उभा राहिला. शेवटी दुरुस्त होऊन २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाला. अनावरणाच्या दिवशी तिथंही बँड वाजला असेल, भाषणं झाली असतील. नंतर सांधे कोण बघणार हे ठरलेलं नसलं, की ५२ मीटरसुद्धा वाचवू शकत नाहीत. हे वाचल्यावर आम्ही बैठकीत पहिला ठराव देखभालीचा केला. उद्घाटनाची तारीख त्यानंतर ठरवली.

तारीख आली ती माघातल्या एका शनिवारची संध्याकाळ. शिल्पावर झाकायला सॅटिनचा पडदा आणायचा विचार कुणीतरी मांडला होता. जॉबरमामांनी तो ऐकूनच घेतला नाही. चार चादरी शिवून एक केली आणि ती टाकली. चादर दोन्ही बाजूंनी नक्षीची असते, उलटा-सुलटा भेद नसतो, त्यामुळे मागं उभ्या असलेल्यांनाही मोरच दिसत होते. बागेत जागा नव्हती. कठड्यावर, घसरगुंडीवर, फाटकाबाहेर रिक्षांच्या टपावर माणसं. शेंगा विकणारे दोघे होते, ते विकायचं सोडून पुढे सरकले.

भाषणं थोडक्यात झाली. पाहुण्यांनी दोरी ओढायची नाही असं आधीच ठरलेलं. त्यांनी डावा धोटा धरला. त्यांच्या हातात माळीकाकांचा हात, काकांच्या हातात माझ्या वर्गातल्या एका मुलीचा, तिच्या हातात तिच्या आईचा, मग मदरशात शिकणारा एक मुलगा, मग शेंगावाले, मग मंडळाचे कार्यकर्ते, असं करत साखळी बागेतल्या चिंचेला वळसा घालून परत आली आणि शेवटच्या बाईंनी उजव्या धोट्यावर हात ठेवला. चादर खाली आली. आतल्या नळ्या एकामागून एक तळातून वर भरत गेल्या, लाल, मग पिवळ्या, मग हिरव्या. गर्दीतून जो आवाज निघाला तो टाळ्यांचा नव्हता. माग सुरू झाल्यावर ओट्यावरची माणसं 'आली, आली' करायची, तो होता. मध्येच कुणीतरी नाक पुसायला हात सोडला, सगळं विझलं, आणि पन्नास जण त्या एका माणसाकडे वळून ओरडले, 'हात धर की बे!' पुन्हा उजळलं. मग पोरांना हाच खेळ सापडला. हात सोडायचा, अंधार करायचा, पुन्हा धरायचा. आम्ही अडवलं नाही. त्याच्यासाठीच तर ते बांधलं होतं.

गर्दी ओसरल्यावर एक अक्का आल्या. आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतात, विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू, दोरा, कात्री. मी लहान होते तेव्हापासून त्यांना अशाच पाहते आहे. त्या बराच वेळ लांब उभ्या राहून बघत होत्या. मुलगी म्हणाली, 'या की अक्का, लावा हात.' त्या म्हणाल्या, 'मला नको. माझा अंगठा रेशनच्या मशीनला पण लागंना. सारखं परत पाठवतेत. ह्याला काय लागणार?'

आयुष्यभर पानं कातरून आणि वळून बोटांवरच्या रेषा झिजतात. ठसा उठत नाही. मशीन 'नाही' म्हणतं आणि माणूस आपल्याच धान्यासाठी आपण आपणच आहोत हे सिद्ध करत फिरतो. त्यांना यंत्राबद्दल जे माहीत होतं ते हे होतं. मुलीनं सांगितलं, याला ठसा लागत नाही, नाव लागत नाही, नुसता हात पुरे. आग्रहानं आणलं. अक्कांनी पदराला हात पुसले, पुसू नका म्हणायच्या आत पुसले, आणि दोन्ही धोटे धरले.

काहीच झालं नाही.

त्यांनी हात काढून घेतले. 'सांगितलं नव्हतं का?' एवढंच म्हणाल्या. आवाजात तक्रारसुद्धा नव्हती, आणि ते माझ्या जिवाला फार लागलं. तीन-चारशे माणसं त्या संध्याकाळी हात लावून गेली होती. सगळ्यांना उजेड मिळाला होता. ज्या हाताला आजवर यंत्रांनी नाकारलं, त्याच हाताला आमच्या यंत्रानंही नाकारलं, आणि तेही 'हात लावा' अशी पाटी लावून.

कारण मुलीला लगेच कळलं. माघातली कोरडी हवा, तंबाखू आणि पानांनी रखरखीत झालेली कातडी, वर पदराला पुसलेले हात. रोध इतका मोठा, की प्रवाह तिच्या मर्यादेच्या खाली गेला आणि शिल्पानं ठरवलं की इथं कुणी नाही. तिनं मर्यादा कुठल्या हातांवर बेतली होती? स्वतःच्या, मैत्रिणींच्या, ऑफिसातल्या. 'दोन मिनिटं थांबा अक्का,' म्हणाली आणि धोट्यांपाशीच जमिनीवर मांडी घालून लॅपटॉप उघडला. अक्का जायला निघालेल्या, मी त्यांचा हात धरून ठेवला. खरंच सुक्या पानासारखा होता.

मर्यादा खाली आली. अक्कांनी पुन्हा धोटे धरले. आणि चोवीसच्या चोवीस नळ्या तळापासून टोकापर्यंत भरल्या.

मी आधी लिहिलंय, शिल्पाचा हिशेब असा आहे की प्रवाह जितका बारीक तितकी माणसं जास्त. अक्कांच्या हातांतून येणारा प्रवाह एखाद्या लांबलचक साखळीतून यावा तितका बारीक होता. संध्याकाळभर जे पन्नास जणांना जमवावं लागलं ते एकट्या बाईच्या हातांनी झालं. अक्कांनी विचारलं, 'एवढं सगळं का लागलं?' मुलीनं खरं ते सांगितलं. 'त्याला वाटतंय तुम्ही खूप जणी आहात.' अक्का थोडा वेळ नळ्यांकडे बघत राहिल्या. धोटे सोडले नाहीत. मग म्हणाल्या, 'माझ्या सुनेला बोलीव. तिचा पण अंगठा लागंना.'

सून आली. शेजारणी आल्या. त्या रात्री बाग बंद व्हायच्या वेळेपर्यंत विड्या वळणाऱ्या बायका एकेक करून धोटे धरत होत्या, आणि दर वेळी अख्खा माग उजळत होता.

दुसऱ्या दिवशी अडचण पुढे आली. मर्यादा खाली आणली की शिल्प नको तितकं हळवं होतं. आसपासच्या तारांमधली वीज हवेतूनच धोट्यांवर बारीक गुणगुण पाठवत असते, ती त्याला माणूस वाटायला लागते. कुणी नसताना नळ्या लुकलुकू लागल्या. मंडळातल्या काहींचं म्हणणं पडलं, की मर्यादा होती तिथं परत न्यावी, बहुतेकांचा हात तर लागतोच आहे. या 'बहुतेकांचा' शब्दाला मी बैठकीत उभी राहून विरोध केला, आणि पुन्हा करीन. सगळ्यांच्या जागेत ठेवायची वस्तू सगळ्यांत कोरड्या हाताला ओळखेल अशीच जुळवायची, आणि त्यातून जी अडचण निघेल ती करणाऱ्यांनी सोसायची. हाताला परत पाठवायचं नाही. रेशनच्या दुकानात हे माझ्या हातात नाही. बागेत होतं.

मुलीनं उपाय काढला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. त्या २० मिलिसेकंदांत पुष्कळ मोजमापं घेऊन त्यांची सरासरी काढली, तर गुणगुण वर जाते तितकीच खाली येऊन जवळजवळ पुसली जाते, आणि हाताचा प्रवाह तेवढा उरतो. शिवाय धोट्यांपासून आत जाणाऱ्या तारांना जाळीचं आवरण घातलं. लुकलुक थांबली. दोन शनिवार-रविवार त्यात गेले. तिनं पुढे असंही विचारलं, की एकट्या माणसाचा कोरडा हात आणि खरी साखळी यांतला फरक ओळखेल असं काही बसवू का? येईल म्हणाली, थोडं अवघड आहे. जॉबरमामा मान हलवत म्हणाले, 'राहू दे. बरोबर मोजतंय ते.' मीही तेच म्हटलं.

देखभाल आता ठरल्याप्रमाणे चालू आहे. सांधे मामा बघतात. पितळ काळवंडतं, ते अक्का आणि त्यांच्या शेजारणी चिंचेनं घासतात. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मृगाच्या आधी नळ्यांची तोंडं पुन्हा सील करायची आहेत. पावसाळ्यात हात ओले असतील, तेव्हा एकटा माणूस अगदीच कमी नळ्या उजळवेल, त्यासाठी मोसमाप्रमाणे हिशेब बदलावा की माणसांना जास्त जणांनी यायला लावावं, यावर अजून मतभेद आहेत. माझं मत दुसऱ्या बाजूला आहे. पावसात बाग ओस पडते, तेवढंच कारण.

आणि मामांनी पुढच्या गड्ड्यासाठी ग्राफचा कागद आणलाय. त्यांना साखळी पुरी झाल्यावर मोर हवाय, चादरीतला. चोवीस रकान्यांत मान बसते, तुरा बसतो, पिसारा बसत नाही. ते म्हणतात नळ्या वाढवा. मुलगी म्हणते, सगळे दिवे पूर्ण पांढरे पेटले तर आत्ताच सव्वाचारशे वॅटच्या पुढे जातं, आणखी नळ्या म्हणजे नवा पुरवठा, म्हणजे पुन्हा वर्गणी. मामांनी तिला उलट विचारलंय, की मोर पांढरा कुठं असतो? या शनिवारी दोघं रंग मोजायला बसणार आहेत.